पांढरं जातंय? आधी तारीख बघा!

वरळीच्या बीडीडी चाळीत काहीच लपून राहत नाही. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. कोणाकडे बोंबील तळलेत, कोणाची सून रुसून माहेरी गेलीय, कोणाचा मुलगा नोकरीला लागलाय, हे दुपारपर्यंत तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसं राहायची म्हटल्यावर लपवायला जागा तरी कुठून आणणार? पण एक गोष्ट मात्र इथल्या बायका वर्षानुवर्षं लपवतात. घरात बोलत नाहीत, शेजारणीला सांगत नाहीत. कधीतरी जिन्यात गाठ पडली की आवाज एकदम खाली आणून म्हणतात, "ताई, जरा विचारायचं होतं. माझ्या अंगावरून पांढरं जातं हो."

मी काही डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन या चाळीत आले आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर महिला मंडळाच्या कामात पडले. आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो. डॉक्टर मॅडम येतात, तक्ता लावून समजावतात, सगळ्याजणी माना हलवतात. मॅडम गेल्या की खरे प्रश्न माझ्याकडे येतात, मी ते लिहून घेते आणि पुढच्या वेळी मॅडमना विचारते. या प्रश्नांमध्ये पहिला नंबर नेहमी पांढऱ्याचा. म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्याशीही यावरच बोलणार आहे. प्रश्न काही वरळीपुरता नाही. तुमच्याकडे कुणी 'धुपणी' म्हणत असेल, कुणी 'सफेद पाणी', पण मनातली भीती तीच.

हाडं विरघळतात?

भीती कसली, तर पांढऱ्यावाटे अंगातली ताकद वाहून जाते, हाडं विरघळतात, कंबर त्यामुळेच दुखते. आईने मुलीला सांगितलं, मुलीने तिच्या मुलीला. भिंतीवरच्या जाहिराती आणि 'शर्तिया इलाज' करणारे या भीतीवर पैसे मिळवतात.

खरं काय आहे? या पाण्यात हाडही नसतं आणि ताकदही नसते. गर्भपिशवीच्या तोंडाशी बारीक ग्रंथी असतात, त्यातून येणारा चिकट स्राव, योनिमार्गाच्या आतल्या त्वचेच्या गळून पडलेल्या पेशी आणि थोडं पाणी, एवढंच त्यात असतं. डोळा ओला असतो, तोंडात लाळ असते, तसा हा मार्गही ओला असतो. तो ओला असतो म्हणून निरोगी राहतो. तिथे राहणारे काही चांगले जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. आपण दुधाला विरजण लावतो ना, त्यातल्या जंतूंच्याच जातकुळीतले हे जंतू.

मग कंबर का दुखते? आमच्याकडे बायका पाण्याच्या कळशा उचलतात, तीन-तीन जिने चढतात, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात. अंगात रक्त कमी असतं ते वेगळंच. तुमच्याकडे कळशीच्या जोडीला शेतातली खुरपणी असेल. दुखण्याचं कारण तिथे शोधायचं सोडून आपण पांढऱ्यावर खापर फोडतो.

पण खरी गंमत पुढे आहे. हा ओलावा महिनाभर सारखा नसतो. पाळी म्हणजे ते चार दिवस, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. बाकीच्या चोवीस-पंचवीस दिवसांत आत काय चाललंय, याचा पत्ताच नसतो. खरं तर आपली गर्भपिशवी, तिचं तोंड, नळ्या, योनिमार्ग, सगळं काही आठवड्याआठवड्याला बदलत असतं.

एका महिन्याचे चार मुक्काम

पहिला मुक्काम, पाळीचे दिवस. रक्त दिसलं तो महिन्याचा पहिला दिवस धरायचा. गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असतं. गर्भ राहिला नाही की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन हार्मोन्स एकदम उतरतात. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरचा थर सुटून बाहेर पडतो. खालचा पातळ थर तसाच राहतो, पुढच्या महिन्याचं अस्तर त्यातूनच उगवतं. जुनं सारवण उकरून नवं सारवावं तसंच हे. त्या वेळी अस्तरात तयार होणाऱ्या काही रसायनांमुळे पिशवीचे स्नायू आकसतात, त्याच आपल्या कळा. रक्त किती जातं, ठाऊक आहे? सगळ्या दिवसांचं मिळून साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे औषधाचे मोठे दोन-तीन चमचे. तेही 'घाण रक्त' नव्हे. महिनाभरात साठलेलं विष बाहेर पडतं वगैरे काही नाही. बाळासाठी घातलेली गादी बाळ आलं नाही म्हणून उचलली, एवढंच.

एक मात्र लक्षात ठेवायचं. रक्तामुळे या दिवसांत योनिमार्गाचा आंबटपणा कमी होतो, म्हणून जंतूंना वाव मिळतो. कापड किंवा पॅड वेळेवर बदलायचं ते यासाठी.

दुसरा मुक्काम, पाळीनंतरचे कोरडे दिवस. पाळी संपते तेव्हा अस्तर उरतं जेमतेम एक-दोन मिलिमीटर. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप बीजकोशाला जातो. तिथे काही बीजं वाढीला लागतात आणि त्यातलं सहसा एकच पुढे जातं. वाढता वाढता बीजकोशातून इस्ट्रोजेन सुटतं, आणि त्याच्या जोरावर अस्तर आठ-दहा मिलिमीटरपर्यंत जाड होतं. गर्भपिशवीचं तोंड या दिवसांत खाली, बंद आणि नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं. स्राव फारसा नसतो. बऱ्याच जणींना हे चार-पाच दिवस कोरडे वाटतात, कुणाला कमी, कुणाला जास्त.

तिसरा मुक्काम, मधले ओले दिवस. इथेच सगळा घोळ होतो! बीज बाहेर पडायची वेळ जवळ आली की इस्ट्रोजेन शिगेला पोहोचतं. गर्भपिशवीचं तोंड वर सरकतं, ओठासारखं मऊ होतं आणि किंचित उघडतं. तिथला स्राव एकदम वाढतो, पातळ आणि पारदर्शक होतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा दिसतो. अंडं खात नसाल तर भेंडी चिरताना सुटते ती तार आठवा. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तुटत नाही. काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. ही सगळी तयारी पुरुषबीजासाठी असते. एरवी बंद असलेली वाट या दिवसांत मोकळी होते. या स्रावात पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर बारा ते चोवीस तासच टिकतं.

नळ्याही या वेळी कामात असतात. नळीच्या टोकाला झालरीसारख्या बोटऱ्या असतात. त्या बीजकोशावर फिरून बीज टिपून घेतात आणि आतले केसांसारखे बारीक तंतू ते पिशवीकडे लोटतात. गर्भपिशवीत सूक्ष्म लाटा उठतात आणि त्यांची दिशा खालून वर असते. पाळीत ती वरून खाली असते. आपल्याला यातलं काहीच कळत नाही. फार तर ओटीपोटात एका बाजूला तासभर टोचल्यासारखं दुखतं, आणि आपण म्हणतो, "गॅस झाला असेल."

चौथा मुक्काम, वाट पाहण्याचे दिवस. बीज गेलं की बीजकोशातल्या त्या रिकाम्या जागेतून प्रोजेस्टेरॉन सुटतं. गर्भपिशवीचं तोंड पुन्हा बंद होतं, स्राव दाट, चिकट आणि पांढुरका होतो, बाटलीला बूच लावावं तसा. अस्तर आता जाडीने फार वाढत नाही, पण स्पंजासारखं रसदार होतं. बाळ आलंच तर पहिल्या दिवसांचा शिधा त्यात भरलेला असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाहून थोडं कमी असं वाढतं. छाती भरल्यासारखी होते, पोट फुगतं, कारण नसताना रडू येतं. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांनी हार्मोन्स उतरतात आणि पुन्हा पहिला दिवस.

चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

हे गणित अठ्ठावीस दिवसांचं म्हणून सांगतात, पण सगळ्यांचा महिना अठ्ठावीसचा नसतो. मोठ्या बायकांमध्ये एकवीस ते पस्तीस दिवसांची पाळी नेहमीची मानतात. पहिले दोन मुक्काम कमी-जास्त होतात. बीज सुटल्यानंतरचा काळ मात्र बहुतेक जणींत चौदा दिवसांच्या आसपास असतो. म्हणजे पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे ओले दिवस चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे येतात. हे गणित जपानचे डॉक्टर ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉक्टर क्नाउस यांनी १९२० च्या दशकात वेगवेगळं मांडलं. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, आपल्या मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून स्त्री-पुरुषांच्या शरीराबद्दल मराठीत उघड लिहीत होते आणि त्यापायी पुढे त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. इतक्या वर्षांनी आपण अजून जिन्यात कुजबुजतोय!

मात्र एक सावधगिरी. या दिवसांवर विसंबून मूल टाळायला जाऊ नका. जागरण, ताप, काळजी, कशानेही बीज मागेपुढे सुटतं. त्यासाठी डॉक्टरांना विचारून साधन वापरावं.

मंगळसूत्र गहाण पडलं असतं

हे माहीत असणं का महत्त्वाचं, ते सांगते. आमच्याच चाळीतली एक सून, वय चौतीस. दोन मुलं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. तिच्या पांढऱ्यावर एका खासगी डॉक्टरने दोन वर्षं इंजेक्शनं आणि टॉनिकच्या बाटल्या दिल्या, आणि शेवटी सांगितलं, "पिशवी खराब झालीय, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका." पैशांची सोय म्हणून मंगळसूत्र गहाण ठेवायचं घरात ठरलंही होतं. कानावर आलं तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, "वास येतो का? खाज? ताप? पोटात दुखतं?" सगळ्याला नाही. "मग जातं कधी?" ते काही तिला सांगता येईना. आम्ही तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने ठिपके करायला लागलो. पाळीच्या दिवशी भरीव ठिपका, पांढरं गेलं की पोकळ. तीन महिन्यांनी पाहिलं तर पोकळ ठिपके दर महिन्याला चार-पाच दिवस आणि तेही दोन पाळ्यांच्या मधोमध. ते कालनिर्णय घेऊन तिला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासणी केली, पॅप टेस्ट केली, सोनोग्राफी केली. पिशवी उत्तम होती. मॅडम कालनिर्णयाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, हे तर तुमचं बीज सुटायचं वेळापत्रक आहे!"

तिला एक शंका राहिली होती. "पण मॅडम, माझं तर ऑपरेशन झालंय. मग बीज कुठनं सुटणार?" ही शंका खूप जणींना असते. नसबंदीत फक्त नळ्यांची वाट बंद करतात. बीजकोश पूर्वीसारखेच काम करतात, बीज सुटतं आणि शरीरातच जिरून जातं. पाळी येते तशी मधल्या दिवसांतला ओलावाही येतो. ऑपरेशनमुळे पांढरं सुरू होत नाही.

एका घरातलं मंगळसूत्र वाचलं. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं, ते आठवतं ना? २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक! खाडा झाला की मजुरी कापली जाते, फडावर ना संडास ना आडोसा, आणि त्यात कोणी 'पिशवी खराब' म्हटलं की बाई घाबरते. पांढरं जाणं आणि पोटदुखी, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायका पिशवी देऊन परत आल्या.

आणि यातला दैवदुर्विलास बघा. हाडं विरघळतील म्हणून बाई पिशवी काढून घेते. त्याबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं, पस्तिशीतच म्हातारपण येतं आणि हाडं खरोखर ठिसूळ व्हायला लागतात. पांढऱ्याने जे कधी झालं नसतं, ते ऑपरेशनने होतं. काही आजारांत पिशवी काढावी लागते, त्याला इलाज नाही. पण नुसतं 'पांढरं जातं' हे कारण त्यासाठी पुरेसं नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय कागदावर सही करू नका.

पण सगळंच पांढरं निर्धोक नसतं

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दुर्लक्षच करायचं का? मुळीच नाही. उलट टोकाचीही गोष्ट आहे, तीही आपल्याच महाराष्ट्रातली. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला आणि सगळीकडे खळबळ उडाली. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता. आणि त्याआधी कधी तपासणी, उपचार झालेल्या? शंभरात फक्त आठ. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच धरलं जात होतं. बाई सोसत राहते आणि कोणी विचारत नाही, हे राणीताईंच्या अभ्यासाने आकड्यांत दाखवलं.

म्हणजे एकीकडे निरोगी बाई उगाच इंजेक्शनं घेते आणि दुसरीकडे आजारी बाई गप्प बसते. दोघींची अडचण एकच. नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे दोघींनाही ठाऊक नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मावशींची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. एक दिवस लुगड्याला डाग दिसला. "पुन्हा तरुण झाले बाई!" असं हसण्यावारी नेऊन त्यांनी चार महिने काढले. पाळी गेल्यावर अस्तर पातळ पडून असतं, त्याला महिन्याचं वेळापत्रक उरत नाही. मग रक्त येईल कुठून? म्हणजे ती पाळी नव्हे, खूण आहे. हे बैठकीत ऐकल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी तपासायला गेल्या. अस्तराचा कॅन्सर निघाला, पण पहिल्या पायरीवर. त्यांची पिशवी काढली आणि ते अगदी योग्यच झालं. आज त्या नातवाला शाळेतून आणतात.

एका बायकोचे उपकार

कॅन्सरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचे ग्रीक डॉक्टर न्यूयॉर्कला काम करत होते. गिनिपिगच्या योनिमार्गातल्या पेशी रोज काचेवर घेऊन पाहताना त्यांच्या लक्षात आलं की या पेशींचं रूप चक्राप्रमाणे बदलतं. तो अभ्यास १९१७ मध्ये छापून आला. बाईच्या शरीरातही तसंच होतं का, हे बघायला रोज नमुना देणारी बाई हवी. ती कुठून मिळणार? त्यांची बायको अँड्रोमाकी पुढे आली. तिने वीसेक वर्षं स्वतःचे नमुने दिले. निरोगी बाईचा महिना पेशींमध्ये कसा दिसतो हे नीट कळलं, म्हणूनच कॅन्सरच्या पेशी वेगळ्या ओळखता आल्या. आज जिला आपण पॅप टेस्ट म्हणतो, ती अशी जन्माला आली. नेहमीचं ओळखता आलं तरच वेगळं ओळखता येतं, हे मी मघापासून सांगतेय, ते या बाईने जगाला दाखवून दिलं म्हणा ना.

आमच्या वरळीपासून हाकेच्या अंतरावर परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करवली. साधन काय, तर सौम्य व्हिनेगर! ते लावल्यावर संशयास्पद जागा पांढरी दिसते. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. जिथे तपासणी झाली, तिथे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आपल्यासारख्याच बायकांनी आपल्यासारख्याच बायकांचे जीव वाचवले. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात अशी तपासणी कोणत्या दिवशी होते, ते आशाताईला जरूर विचारा.

मुलीचं, आईचं, आजीचं

वयाप्रमाणेही हे चक्र बदलतं. मुलीला पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर पांढरं जायला लागतं. आया घाबरतात, पण ती इस्ट्रोजेन सुरू झाल्याची वर्दी असते. त्या वेळी मुलीशी बोलायला बसा. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते. गरोदरपणात ओलावा वाढतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा जाणवतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचं बीज सहसा सुटतच नाही, त्यामुळे मधले ओले दिवसही दिसत नाहीत. चाळिशीनंतर गणित विस्कटायला लागतं, आणि पाळी गेल्यावर योनिमार्ग पातळ, कोरडा होतो. जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं. लाजेने सोसू नका, त्यावर साधी औषधं आहेत.

काय करायचं, काय नाही

करायचं ते अगदी सोपं. दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख आपण कॅलेंडरवर टिपतो ना, तिथेच हे ठिपके करा. तीन महिने करा, तुमचा महिना तुम्हाला पाठ होईल. डॉक्टरकडे जाल तेव्हा "पाळी कधी आली होती?" या पहिल्याच प्रश्नाला अडखळायला नको.

योनिमार्गाच्या आत साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, काही काही घालायचं नाही. तो मार्ग स्वतःला स्वतः साफ ठेवतो. आपण धुऊन काढतो ते चांगले जंतू. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. पाळीचं कापड वापरत असाल तर स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. आमच्या चाळीत ते परकराखाली, कोंदट कोपऱ्यात वाळायचं, कारण पॅसेजमधून सगळ्यांची ये-जा. ओलसर कापड म्हणजे खाजेला आमंत्रणच. टॉवेलखाली झाका, पण ऊन लागू द्या. पावसाळ्यात इस्त्री फिरवा.

आणि डॉक्टरकडे लगेच कधी जायचं, हे कापून कपाटाच्या दाराला चिकटवा:

• स्रावाला घाण किंवा मासळीसारखा वास असेल, रंग पिवळा, हिरवट किंवा करडा असेल.
• दह्याच्या कवड्यांसारखं जात असेल आणि सोबत खाज, जळजळ असेल.
• ओटीपोटात दुखून ताप येत असेल.
• संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा रक्त दिसत असेल.
• पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील.
• पाळी गेल्यावर वर्षभराने किंवा त्यानंतर कधीही रक्ताचा एक थेंब जरी दिसला.

काही आजारांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तर त्याला सोबत न्या. "मला काय झालंय?" म्हणून तो टाळेल, पण ऐकू नका. एकटीने घेतलेलं औषध मग वाया जातं.

आमच्या चाळीची आता नवी घरं होतायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या पहिल्यांदा लोकांच्या हातात पडल्या, ५०० चौरस फुटांची घरं. तिथे गेलेल्या बायकांना सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल, तर घरातल्या घरात संडास-न्हाणीघराचा! कापड बदलायला आता कोणाच्या नजरा चुकवत रांगेत उभं राहायला नको. ज्यांचा नंबर अजून लागायचाय, त्यांनाही ते लवकर मिळो. पण घर मोठं झालं तरी ही कुजबुज आपोआप थांबणार नाही. त्यासाठी आपल्यालाच बोलावं लागेल. पुढच्या महिन्याच्या पानावर पहिला ठिपका तुम्ही करा, आणि घरात वयात आलेली मुलगी असेल तर दुसरी पेन्सिल तिच्या हातात द्या.